भंगारातला यूपीएस घरच्या बॅटरी बँकेला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिस हललं, सायबर कॅफे मोडला, दवाखान्याने कॉम्प्युटर बदलले की यूपीएसचे डबे भंगारात जातात. डबा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, मेलेली असते ती आतली दोन किलोची बॅटरी. मग डोक्यात येतंच की याला बाहेरून मोठी बॅटरी लावली तर घरचा इन्व्हर्टर झाला की! होतो, पण सरसकट नाही. गेली काही वर्षं हे उद्योग करतोय, त्यात दोन डबे जाळले, एक पाना वितळवला. लोक फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) साधा कॉम्प्युटर यूपीएस आहे, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची इन्व्हर्टरची मोठी बॅटरी, लावली तर किती वेळ चालेल?

बॅटरी चालेल बरेच तास, यूपीएस चालेल का ते विचारा. तो डबा बनवलाय दहा-पंधरा मिनिटांसाठी, म्हणजे लाइट गेली की काम सेव्ह करा, कॉम्प्युटर बंद करा, संपलं. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास, आणि तेही वीस तासांत हळूहळू काढली तर. फुल लोडवर ती बॅटरीच आधी संपते म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि मॉस्फेट (आतले ताकदीचे ट्रान्झिस्टर) तापायच्या आत खेळ खलास होतो. कंपनीने हीटसिंक (उष्णता शोषणारी धातूची पट्टी) आणि तांबं त्याच हिशेबाने कमी घातलेलं असतं, त्यात त्यांची चूक काही नाही. तुम्ही मोठी बॅटरी लावली की तोच डबा चार तास पळतो आणि विसाव्या मिनिटापासून वार्निशचा वास यायला लागतो. माझा पहिला असाच गेला, उन्हाळ्यात, लोड फक्त २२० वॉट होता.

म्हणून माझा हिशेब असा आहे की डब्यावर लिहिलेल्या वॉटच्या ४० टक्क्यांवर जायचंच नाही, आणि वॉट म्हणजे वॉट, व्हीए नाही. स्वस्तातल्या ६०० व्हीएचे खरे वॉट ३६० असतात, त्याचे ४० टक्के म्हणजे १४४. एवढ्यात एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, चार एलईडी, राउटर आणि एक लॅपटॉप आरामात बसतो.

पंखा लावला तर जास्त लोड घेता येईल का?

थोडा. डब्याच्या एका बाजूला ८० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा, समोरच्या बाजूला भोकं, वारा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक दोघांवरून जायला हवा. १२ व्होल्टचा डबा असेल तर पंखा थेट बॅटरीवर, २४ चा असेल तर दोन सारखे पंखे सिरीजमध्ये. मध्ये ४५ किंवा ५० डिग्रीचा छोटा थर्मल स्विच टाकला की पंखा गरज असेल तेव्हाच फिरतो. पण पंख्याने ट्रान्सफॉर्मरचं तांबं वाढत नाही, तेव्हा ४० टक्क्यांवरून ५० वर जा, ९० वर नको.

आणि हो, हीटसिंक किती तापलाय ते बोटाने बघू नका. काही डब्यांत हीटसिंकवरच करंट असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या.

कुठला डबा उचलावा आणि कुठला तिथेच सोडावा?

मागचं स्टिकर वाचा आणि बॅटऱ्या मोजा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

एक बॅटरी, १२ व्होल्ट, ६०० ते ८०० व्हीए, हा सगळ्यात जास्त मिळणारा माल. आउटपुट सहसा पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह, खरी साइन (घरच्या लाइटसारखी गुळगुळीत) नाही. एलईडी, राउटर, लॅपटॉपचा चार्जर याला चालतं, साधा सीलिंग फॅन मात्र घुंऽऽ करतो आणि तापतो. दोन बॅटऱ्या, २४ व्होल्ट, एक केव्हीए (हजार व्हीए) लाइन-इंटरॅक्टिव्ह, म्हणजे मेन असताना लोड मेनवरच ठेवणारा, त्यातही साइन वेव्ह लिहिलेला मिळाला तर भाव करत बसू नका, उचला. मी घरी हाच वापरतोय.

त्याच्या वर ऑनलाइन, म्हणजे लोड सतत इन्व्हर्टरमधूनच चालवणारे, यूपीएस येतात. एक केव्हीएला बहुतेक तीन बॅटऱ्या म्हणजे ३६ व्होल्ट, तीन केव्हीएला सहसा आठ म्हणजे ९६ व्होल्ट, आणि ६ ते १० केव्हीएच्या कपाटांत सोळा ते वीस म्हणजे १९२ ते २४० व्होल्ट डीसी. हे घरी नको. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, आर्क (ठिणगीची सलग ज्योत) एकदा पेटला की तांबं संपेपर्यंत जळतो. शिवाय वीस बॅटऱ्यांच्या माळेत एक नासली की अख्खी माळ बसते. स्वस्त मिळतोय म्हणून मित्राने दहा केव्हीएचं कपाट टेम्पोत घालून आणलं होतं, त्याच्या जिन्याखाली ते तीन वर्षं चपलांचा स्टँड म्हणून उभं होतं.

‘लाँग बॅकअप’ लिहिलेला मिळाला तर?

तर नशीब काढलंत. यात आत बॅटरी नसतेच, बाहेरची लावायची म्हणूनच बनवलेला असतो, चार्जर मोठा, पंखा आणि जाड वायरीचा कनेक्टर आधीच. व्होल्टेज तेवढं बघा, ३६ च्या आत असेल तर घ्या.

आतल्या चार्जरने मोठी बॅटरी चार्ज होईल ना? हळू का होईना?

इथेच सगळे फसतात. लाइट गेली, बॅटरीवर छान चाललं, आली, चालू झालं, सगळे खूश. आणि सहा महिन्यांनी फोन येतो की नवी कोरी बॅटरी अर्धा तासपण टिकत नाही.

छोट्या यूपीएसचा चार्जर अर्धा ते एक अँपिअरचा असतो. माझ्या १०० एएचच्या बँकेतून ५० एएच वापरले तर एक अँपिअरने भरायला नुसत्या हिशेबानेच पन्नास तास, वर घट धरली की अडीच-तीन दिवस. आपल्याकडे गावाकडे लाइट रोज जाते. म्हणजे बॅटरी कधीच भरत नाही, अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ते घट्ट झालं की परत निघत नाही.

दुसरी भानगड व्होल्टेजची. हा चार्जर सीलबंद बॅटरीसाठी सेट केलेला असतो, १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतो. पाण्याच्या ट्यूब्युलरला अधूनमधून १४.४ पर्यंत ढकलावं लागतं, त्याशिवाय ती पोटभर चार्ज होत नाही आणि अ‍ॅसिड खाली जड, वर पातळ असं थरांत बसतं.

म्हणून वेगळा चार्जर पाहिजेच. एएचचा दहावा हिस्सा अँपिअर, १०० एएचला १० अँपिअर. तो सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर, यूपीएसचा छोटा चार्जर असू द्या सोबत, भांडत नाहीत ते. फक्त २४ च्या बँकेला मोठा चार्जर २८.८ पर्यंत नेतो तेव्हा काही यूपीएस ‘जास्त व्होल्टेज’ म्हणून बोंब मारतात किंवा बंदच होतात. म्हणून बसवायच्या आधी लॅब सप्लायने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या पॉवर सप्लायने) हळूहळू व्होल्टेज वाढवून आपला डबा कुठे रडतो ते बघून घ्या. इक्वलाइझ चार्ज (सगळे सेल सारखे भरण्यासाठी मुद्दाम जास्त व्होल्टेजचा) देताना, म्हणजे ३०-३१ च्या वर, यूपीएसची वायर काढूनच ठेवायची.

वायर किती जाडीची? डब्यातली आहे तीच वाढवली तर?

एक खरी गोष्ट सांगतो. भावकीतल्या एकाने बॅटरी बाहेर पडवीत ठेवली, यूपीएस हॉलमध्ये, मध्ये तीन मीटर २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) घरातली उरलेली वायर. बॅटरी फुल, तरी लाइट गेली की दोन मिनिटांत लो बॅटरीची बीप आणि बंद. बॅटरीवाल्याशी भांडून झालं, बॅटरी बदलून झाली, तेच. मी मीटर घेऊन गेलो, बॅटरीच्या टर्मिनलवर १२.४ आणि यूपीएसच्या टोकाला १०.६! पावणेदोन व्होल्ट वायरच खात होती. जाऊन-येऊन सहा मीटर, ४० अँपिअर, तेवढं पडणारच.

हिशेब सोपा आहे. ३६० वॉटचा १२ व्होल्टचा डबा फुल लोडला, बॅटरी उतरत आलेली असताना, ४० च्या वर अँपिअर ओढतो. त्याला १६ स्क्वेअर तांब्याची लवचीक वायर घ्या आणि लांबी दीड मीटरच्या आत ठेवा. ६०० वॉटचा २४ व्होल्टचा डबा ३५ च्या आसपास ओढतो, त्याला १० स्क्वेअर पुरते. लोड ४० टक्केच ठेवणार असलात तरी वायर फुल लोडचीच घाला, कारण सुट्टीत आलेला भाचा कधी काय प्लगला लावेल सांगता येत नाही. टोकाला तांब्याचे लग, क्रिम्पिंग टूलने नीट दाबलेले. पक्कडीने चेपून वर इन्सुलेशन टेप, हे चालत नाही, तिथेच गरम होतं.

फ्यूज लागतो का? यूपीएसच्या आत असतो की.

आतला फ्यूज यूपीएसला वाचवतो, वायरीला कोण वाचवणार? बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच, १२ व्होल्टला ६० अँपिअर, २४ ला ५०. गाडीच्या ऑडिओवाल्यांकडे मिळतात बोल्टचे, होल्डरसकट. घरातला एसीचा एमसीबी इथे लावू नका, आर्कचं वर सांगितलंच आहे. डीसीचा एमसीबी लावलात तर प्लस-मायनसची खूण बघून लावा.

पाना वितळला त्याची कथा इथलीच. मायनस सैल करत होतो, उघडा १० चा पाना हातातून सटकला आणि दोन टर्मिनलच्या मध्ये आडवा पडला. फट्ट आवाज, पांढरा उजेड, पान्याच्या तोंडाला खाच आणि बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर काळा डाग. हातात अंगठी असती तर बोट गेलं असतं. तेव्हापासून पान्यांना सायकल ट्यूबचे तुकडे चढवलेत, आणि सोडताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस.

जोडताना मोठी ठिणगी पडली, काही बिघडलं का?

नाही. आतले कपॅसिटर एकदम भरतात त्याची ती ठिणगी. पण दर वेळी टर्मिनल जळतं, म्हणून शेवटची वायर आधी ट्रकच्या २४ व्होल्टच्या बल्बमधून दोन-तीन सेकंद टेकवायची आणि मग पक्की करायची. मात्र बल्ब पेटून तसाच राहिला तर थांबा, उलटी जोडली असेल किंवा आत शॉर्ट आहे. उलट्या जोडणीला दुसरी संधी मिळत नाही, लाल-काळ्या रंगावर विसंबू नका, मीटर लावा.

सोलर पॅनल जोडता येईल का याला?

येईल, सोलरचा चार्ज कंट्रोलर थेट बॅटरीवर. पण त्याआधी एक टेस्ट, आणि ती न करता पुढचं वाचू नका.

काही यूपीएसमध्ये, खास करून ट्रान्सफॉर्मर नसलेल्या हलक्या आणि ऑनलाइन प्रकारात, बॅटरीची बाजू मेनपासून वेगळी केलेलीच नसते. आत डब्यात बंद असते तोवर कुणाला कळत नाही. तुम्ही ती बाहेर काढली, पडवीत ठेवली, तर टर्मिनलला हात लावणाऱ्याला २३० चा झटका बसू शकतो, आणि पॅनलच्या वायरीतून तोच करंट पत्र्यापर्यंत जातो. यूपीएस मेनवर चालू ठेवून, मीटर एसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि एक सॉकेटच्या अर्थला, मग प्लसला. शे-दोनशे व्होल्ट दाखवले तर ते नुसतं तरंगतं, म्हणजे मागे जोर नसलेलं, व्होल्टेजही असू शकतं, पण मी खात्री करत बसत नाही, तो डबा बाहेरच्या बॅटरीसाठी बाद. जड, लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाले डबे मला म्हणूनच आवडतात, पण टेस्ट त्यांचीही करतो.

आता कामाचं. मेन असेपर्यंत यूपीएस लोड मेनवरच चालवतो, सोलर बॅटरी भरून रिकामं बसतं. दिवसा सोलरवर चालवायचं असेल तर यूपीएसचं इनपुट रिलेने कापा आणि बॅटरी २४.४ च्या खाली गेली की परत जोडा, व्होल्टेज बघून चालणारी तयार रिले मॉड्यूल मिळतात. बॅटरी मात्र रोज वापरली जाणार, आयुष्य तसं कमी होणार हे धरून चाला.

लिथियम लावली तर चार्जरचा प्रश्न सुटतो का?

बराचसा. लिथियम फेरो फॉस्फेटचे चार सेल म्हणजे १२.८ व्होल्ट, आठ म्हणजे २५.६, यूपीएसच्या व्होल्टेजमध्ये बरोब्बर बसतात. २४ च्या डब्याचा चार्जर धरून ठेवतो त्या २७.४ वर आठ सेलना प्रत्येकी ३.४ च्या वर मिळतात, तेवढ्यात ती जवळपास भरते, आणि अर्धी भरलेली राहिली तरी शिशाच्या बॅटरीसारखी खराब होत नाही. चार्जर छोटा तो छोटाच, वेळ लागणारच. बीएमएस (सेल सांभाळणारी, गडबड झाली की बॅटरी तोडणारी पट्टी) ५० अँपिअरच्या वरची घ्या आणि लक्षात ठेवा, बीएमएसने हात वर केले की यूपीएस एकदम अंधार करतो, बीप वगैरे काही नाही. शिशाची आणि लिथियम एकत्र पॅरलल करू नका. जुन्या लॅपटॉपच्या सेलचे पॅक लोक बनवतात, मी घरात ठेवत नाही.

जुन्या ७ एएचच्या पंधरा-वीस बॅटऱ्या मिळाल्यात, पॅरलल केल्या तर १०० एएच होतील ना?

कागदावर. त्यातली एक आतून शॉर्ट झाली की बाकीच्या सगळ्या मिळून तिच्यात करंट ओततात, फुगते, फुटते. टेस्ट मात्र करून बघा. बॅटरी फुल चार्ज, रात्रभर विश्रांती, सकाळी १२.८ च्या आसपास असेल तर तिच्यावर गाडीचा ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब लावा. तासाभराच्या आसपास टिकली तर चांगली, वीस मिनिटांत ११ च्या खाली आली तर भंगार. चांगल्या निघतील त्या दोन-तीन राउटरला वापरा. आणि राउटरला यूपीएस तरी कशाला, तो १२ व्होल्टवरच चालतो, छोट्या बक-बूस्ट मॉड्यूलमधून (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या बोर्डातून) थेट द्या. दहा वॉटच्या राउटरसाठी स्वतःच पंधरा वॉट खाणारा डबा चालू ठेवणं म्हणजे चाराण्याची कोंबडी अन् बाराण्याचा मसाला.

गाडीची जुनी बॅटरी? नको, ती स्टार्टरला क्षणभर जोर द्यायला बनवलेली असते, पातळ प्लेटा, रोज खोलवर उतरवली की महिन्यांत जाते.

तुमच्याकडे नक्की काय चालतं त्यावर?

२४ व्होल्टचा एक केव्हीए, १०० एएचच्या दोन ट्यूब्युलर सिरीजमध्ये, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच बॅचच्या. दोन बीएलडीसी पंखे, चार दिवे, राउटर, एक लॅपटॉप, सगळं मिळून १६० वॉट. बँक २४०० वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे म्हणजे १२००, यूपीएसची घट जाऊन हातात साडेनऊशे. सहा तास मिळतात. फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर यातलं काही नाही, त्यांना सुरू होताना कित्येक पट करंट लागतो.

घराच्या वायरिंगला जोडू का?

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून सॉकेटमध्ये घालणारे महाभाग आहेत. लाइट आली की यूपीएस जातो, आणि मेन स्विच पाडायचा राहिला असेल तर खांबावर चढलेला महावितरणचा वायरमन जाऊ शकतो. हे कधीच नाही. दोन यूपीएसचे आउटपुट एकत्र करणंही नाही. एक एक्स्टेंशन बोर्ड वापरा, किंवा इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टरचं वेगळं सर्किट काढून घ्या.

डबा बॅटरीवर जातो का ते टेस्ट करताना पीन उपटू नका, भिंतीवरचा स्विच बंद करा. पीन काढली की अर्थही जातो आणि आउटपुटला तर २३० चालूच असतात. बॅटरीवर असताना पुढचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) ट्रिप होईलच असंही नाही, बऱ्याच डब्यांत तेव्हा न्यूट्रल अर्थला कुठेच जोडलेला नसतो.

बॅटरी कुठे ठेवू?

पाण्याची असेल तर हवेशीर जागी, देवघराखालच्या कपाटात नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला की ठिणगी पुरते, आणि वर समई. पाणी फक्त डिस्टिल्ड, अ‍ॅसिड ओतायचं नाही. हायड्रोमीटरवर (आतल्या द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीवर) भरलेली ट्यूब्युलर १२४० च्या आसपास दाखवते.

एवढं करून पैसे वाचतात का?

खरं सांगू? डब्याचे वाचतात. बॅटरी, चार्जर, वायर, फ्यूज सगळं नवंच लागतं आणि मोठा खर्च तोच आहे. सगळं विकतच घ्यायचं असेल तर सरळ होम इन्व्हर्टर घ्या, तो तासन्‌तास चालायलाच बनवलेला असतो. सोल्डरिंग गनचा वास आवडत असेल, चांगला साइन वेव्ह डबा फुकटात हातात आला असेल, तर करा. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, सकाळी लवकर जा, सुटे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास मिळतात.

डबा नुसता बॅटरीवर चालूच होत नाही, मेन लागतं. बिघडलाय का?

नाही, काही मॉडेल तशीच असतात. विकत घेताना बॅटरी सोबत न्या आणि मेनशिवाय चालू करून दाखवायला सांगा. माझा तसाच निघाला होता, रात्री बॅटरी पार उतरून बंद पडला की लाइट येईपर्यंत अंधारात बसायचं.

बीप कशी बंद करू?

बोर्डवर काळं गोल बझर असतं, त्याच्या भोकावर जाड टेप लावा, आवाज निम्मा होतो. काढून टाकू नका, लो बॅटरीची सूचना तोच देतो. आणि डबा उघडण्याआधी बॅटरी सोडवा, पीन काढा, दहा मिनिटं थांबा. ऑनलाइनवाल्यांत कपॅसिटरवर साडेतीनशे-चारशे व्होल्ट साठलेले असतात, दहा मिनिटांनीही मीटर लावूनच हात घाला.

मेलेल्या बॅटऱ्यांचं काय करू?

दुकानदाराला परत द्या, नवी घेताना किलोवर पैसे वळते होतात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याला नका देऊ, त्यातले काही जण अ‍ॅसिड तिथेच गटारात ओततात आणि शिसं चुलीवर वितळवतात.